नळीची नोंद

आमच्या घरात लघवीला लघुनीत म्हणतात. साधू-साध्वींच्या बोलण्यातला हा शब्द घरातही रुळलेला. तोसुद्धा मोठ्यानं उच्चारायचा नाही. मी धुळ्याची, मराठी शाळेत शिकलेली. लग्न होऊन गंधवानीला आले तेव्हा मला याचं फार कौतुक वाटलं होतं. किती सभ्य माणसं, असं वाटलं होतं. पुढं तीस वर्षांनी कळलं की ज्या गोष्टीचं नाव घ्यायचं नाही ती कागदावरही येत नाही, आणि कागदावर आली नाही तर म्हाताऱ्या माणसाच्या जिवावर बेतू शकते.

बासाब म्हणजे माझे सासरे. वय ८६. स्मरण पक्कं, नजर चांगली, दोन वेळचं प्रतिक्रमण कधी चुकलं नाही. त्या वर्षी आषाढात त्यांची लघवी अडकली. पुरुषांना उतारवयात प्रोस्टेटची गाठ वाढते, तसंच झालं होतं. एक अख्खी रात्र ते कळ काढत राहिले आणि कुणाला काही बोलले नाहीत. मला तर नाहीच, कारण मी सून. पहाटे यांना कळलं, मग गाडी करून मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी बासाब परत आले ते नळी आणि पिशवी घेऊन.

सोबत जाडजूड फाइल होती. तिच्यात प्रत्येक सुईचं, प्रत्येक हातमोज्याच्या जोडीचं बिल होतं. कापूस किती रुपयांचा तेही होतं. मी ती फाइल कपाटात नीट ठेवून दिली. सगळं लिहिलेलं आहे, आता काळजी नाही, असंच समजून चालले.

महिना होत आला. एका संध्याकाळी बासाबांना हुडहुडी भरून ताप आला. रात्री ते बडबडू लागले. कुणाकुणाच्या नावानं हाका मारत, “बाकी किती राहिली? बाकी सांग,” असं म्हणत होते. मला वाटलं, आता संपलं. सकाळी गावातले डॉक्टर आले. पोटाला हात लावला, पिशवी पाहिली. पिशवी जवळजवळ कोरडी होती.

“नळी तुंबली आहे,” ते म्हणाले. “किती तारखेला घातली?”

हे माझ्याकडे पाहू लागले, मी यांच्याकडे.

“कितव्या नंबरची? साधी रबराची की सिलिकॉनची? आत फुगा असतो, त्यात पाणी किती भरलंय?”

मी धावत जाऊन फाइल आणली. आम्ही दोघांनी मिळून पान न् पान उलटलं. हातमोजे सापडले, कापूस सापडला. नळी कधी घातली, कुणी घातली, का घातली, कधी बदलायची, यातलं अक्षरही कुठं नव्हतं. नळीचं बिल होतं, पण नळीची नोंद नव्हती. आमच्या घरात चार पिढ्या हिशेब लिहिण्यावर जगल्या आणि आमच्याच म्हाताऱ्याच्या शरीरातल्या वस्तूचा हिशेब आमच्याकडे नव्हता. मला इतकी लाज वाटली की सांगता येत नाही.

डॉक्टरांनी तापाचं औषध दिलं, नळी बदलायला आणि लघवी तपासायला सांगितलं. “दुपारपर्यंत उतार पडला नाही तर धारला हलवा,” म्हणाले आणि एका ब्रदरला पाठवतो असं सांगून गेले.

ब्रदर म्हणजे पुरुष नर्स. आमच्याकडे गावात त्यालाही कंपाउंडरच म्हणतात. हा पोरगा पंचविशीतला, जवळच्याच पाड्यावरचा, भिलाला समाजातला, नर्सिंगचा कोर्स करून आलेला. गंधवानी कुठं आहे हे सांगायला हवं. माळव्याचं पठार उतरून निमाडाकडं जाताना धार जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. मनावर, कुक्षी, बाग आसपास. चहूकडं भिल्ल-भिलाल्यांचे पाडे आणि मधल्या बाजारात आम्हा महाजनांची दुकानं. होळीआधी भगोरियाचा हाट भरतो तेव्हा ढोल-मांदळांनी गाव दणाणून जातं. एरवी हे लोक आमच्या दुकानाच्या पायरीखाली उभे राहतात. हा मुलगा मात्र पायरी चढून, चपला काढून, हात धुऊन थेट बासाबांच्या खोलीत गेला.

तोवर ताप थोडा उतरला होता. बासाब शुद्धीवर होते. मी दाराआड उभी राहिले. मला वाटलं, हा आता पिशवी सोडवून कामाला लागेल. तो स्टूल ओढून खाटेशी बसला. इथून पुढचं बोलणं निमाडीत झालं, मी मराठीत लिहिते.

“बासाब, मला ओळखता का? आज वार कोणता? आपण कुठं आहोत?”

बासाब चिडले. “घरात आहोत. वार कळत नाही असा वेडा झालो नाही अजून.”

“बरं झालं,” तो म्हणाला. “मग मी तुम्हालाच विचारतो. ही नळी तुंबली आहे. जुनी काढून नवी घालावी लागेल. घालताना जळजळ होईल, मी बधिर करणारी जेली लावीन. नाही घातली तर लघवी आतच साठेल आणि ताप वाढेल. घालू का?”

खोलीत काही वेळ आवाज नव्हता. मग बासाब म्हणाले, “मागच्या वेळी मला कुणी विचारलंच नाही. याच्याकडून सही घेतली.” याच्याकडून म्हणजे यांच्याकडून. हे मान खाली घालून उभे. बासाब म्हणाले, “घाल.” आणि लगेच, “सूनबाईला बाजूला व्हायला सांग.” म्हणजे मी दाराआड आहे हे त्यांना ठाऊक होतं. मी चौकात निघून गेले.

अर्ध्या तासानं हाक आली. बासाब पांढऱ्या चादरीखाली शांत पडले होते. पिशवी खाटेच्या पट्टीला, जमिनीला टेकणार नाही अशी टांगली होती. तो मुलगा मांडीवर रजिस्टर घेऊन लिहीत होता. लिहून झाल्यावर तो उठला नाही. “वाचतो, ऐका,” म्हणाला आणि बासाबांना सगळं वाचून दाखवलं. त्या पानाची नक्कल मी मागून घेतली. हिंदीत आहे, सार असं:

तारीख, वेळ सकाळी ११.४०. डॉक्टरांच्या तोंडी आदेशावरून. कारण: नळी तुंबली, ओटीपोट फुगलेलं, ताप. रुग्ण शुद्धीवर, स्थळ व वार बरोबर सांगितले, समजावून सांगितल्यावर स्वतः परवानगी दिली. मुलगा हजर. जुन्या नळीच्या फुग्यातून ८ मिली पाणी काढलं, नळीचं टोक अखंड, त्यावर पांढरा थर. नवी नळी सिलिकॉनची, नंबर १६, एकाच प्रयत्नात गेली. अडथळा नाही, रक्त नाही. फुग्यात १० मिली निर्जंतुक पाणी. लगेच ७०० मिली लघवी निघाली, गढूळ, वास आहे. नव्या नळीतून नमुना तपासणीला घेतला. नळी मांडीला चिकटवली. पुढं बदलण्याबद्दल डॉक्टरांना विचारणे. कोणताही त्रास झाला नाही. शेवटी नाव आणि सही. नळीच्या पाकिटावरचा लॉट नंबरचा कागद फाडून त्यानं पानावर डकवला होता.

नंबर १६ म्हणजे काय ते मी नंतर समजून घेतलं. शार्रिएर नावाचा पॅरिसचा एक हत्यारं घडवणारा कारागीर होता, त्याची ही मोजणी. नंबराला तिनानं भागलं की नळीची जाडी मिलिमीटरमध्ये येते. फुग्याची नळी अमेरिकेतल्या फोले नावाच्या डॉक्टरांनी १९३० च्या दशकात पुढं आणली, म्हणून तिला फोलेज कॅथेटर म्हणतात. नळीनं लघवी काढण्याचा विचार मात्र फार जुना. सुश्रुतसंहितेत नाडीयंत्रांचे म्हणजे पोकळ नळ्यांचे २० प्रकार सांगितले आहेत, त्यात हा उपयोगही येतो. आणि तारखेला एवढं महत्त्व का, तेही कळलं. नळी आत असलेल्या प्रत्येक दिवशी लघवीत जंतू शिरण्याची शक्यता ३ ते ७ टक्के धरतात. महिन्याभरात ती कुठं जाते याचा हिशेब कुणीही करावा. म्हणून नळी घातल्यापासून रोज विचारायचं असतं, की हिची अजून गरज आहे का? ज्यांना घातल्याची तारीखच माहीत नाही ते हे विचारणार कसे?

पण मला सांगायचं आहे ते पुढचं.

वाचून झाल्यावर बासाब म्हणाले, “परत वाच, शेवटचं.”

“कोणताही त्रास झाला नाही.”

“झाला. आग झाली. तू चांगलं केलंस, पण आग झाली. लिही.”

मला वाटलं पोरगा हसेल किंवा चालायचंच म्हणेल. त्यानं ते वाक्य एका रेघेनं कापलं, खालची अक्षरं वाचता येतील असं. शेजारी छोटी सही केली आणि पुढं लिहिलं, “घालताना आग झाली, रुग्णास सहन झाली.”

बासाबांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी समाधान दिसलं. “खोडलं नाहीस, हे बरं केलंस,” ते म्हणाले. “वहीत खोडायचं नसतं. चुकलेलंही दिसलं पाहिजे.”

“आम्हाला हेच शिकवतात,” तो म्हणाला. “आणि जे लिहिलं नाही ते केलंच नाही, असं धरतात.”

मग बासाबांनी विचारलं, कुणाचा तू? त्यानं पाड्याचं नाव सांगितलं, आज्याचं नाव सांगितलं. बासाबांनी डोळे मिटले. त्या आज्याचं खातं आमच्या दुकानात होतं. कापूस, मका आमच्याकडं यायचा. मीठ, कापड, बियाणं आमच्याकडून जायचं. मुलगा सामान आवरत होता. रागानं नव्हे, अगदी सहज तो म्हणाला, “आजा अंगठा लावून यायचा. आजी विचारायची, काय लिहिलंय? तो म्हणायचा, देवाला ठाऊक.”

त्याला चहा दिला. तो गेला. ताप दुसऱ्या दिवशी उतरला. तपासणीचा अहवाल पाहून डॉक्टरांनी औषध बदललं. बासाब बरे झाले, पण त्या दिवसानंतर फार बोलेनासे झाले.

मी विचार करत राहिले. आपल्या धर्मानं या गोष्टीला अपवित्र म्हणून बाजूला टाकलेलं नाही. साधूंच्या पाच समित्यांपैकी एक सबंध समिती मलमूत्र कुठं, कसं, कुणालाही इजा न होता टाकावं याचीच आहे. लहानपणी पाठशाळेत ती पाठ करताना आम्ही मुली तोंडावर हात धरून हसायचो. आजाऱ्याची सेवा, वैयावृत्त्य, हे तर सहा अंतरंग तपांपैकी एक. नंदिषेण मुनींची कथा आपल्याला ठाऊकच आहे. देव किळसवाण्या आजाऱ्याचं रूप घेऊन आला तरी त्यांचं मन ढळलं नाही. आणि प्रतिक्रमण म्हणजे तरी काय? दिवसभरात काय केलं, कुठं चुकलं, याची रोजची नोंद. केलेलं झाकायचं नाही, चुकलेलं दिसू द्यायचं. त्या पोरानं एक रेघ मारून जे केलं ते आम्ही दोन वेळा आसनावर बसून म्हणतो. म्हणणं आणि करणं यांत अंतर आहे, एवढंच.

आणि विचारून लिहिणं हेही त्यातच आलं. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं एका खटल्यात स्पष्ट सांगितलं, की सज्ञान आणि विचारक्षम रुग्णाची संमती त्याचीच हवी. त्या खटल्यात आईनं दिलेली संमती चालली नाही. मग शुद्धीत असलेल्या ८६ वर्षांच्या माणसाऐवजी मुलाची सही कशी चालेल? आपण घरात काय करतो? “त्यांना काय कळतंय” म्हणून सगळं परस्पर ठरवतो. त्यांच्या शरीरात काय घालायचं तेही. मी हे यांना बोलून दाखवलं. हे म्हणाले, “मला वाटलं, त्यांना त्रास नको.” खरंच होतं ते. प्रेमानंच केलं होतं. दुकानात बासाबांनीही वाईट बुद्धीनं लिहिलं असेल असं मला वाटत नाही. पण भाव आमचा, वजन आमचं आणि वहीही आमची. वाचून दाखवायला कोणी बांधील नव्हतं.

त्या दिवसापासून मी एक शंभरपानी वही केली. मैत्रिणींनो, तुमच्या घरी कुणाला नळी असेल तर एवढं जरूर लिहा. नळी घातल्याची तारीख आणि वेळ, कारण, कुणी घातली. नंबर, रबर की सिलिकॉन, फुग्यात पाणी किती. पुढं कधी बदलायची. मग रोज पिशवी रिकामी करताना किती मिली, रंग कसा, गढूळ आहे का, रक्त आहे का, ताप आहे का. पिशवी नेहमी कमरेच्या खाली आणि जमिनीपासून वर, हात आधी धुऊन आणि नंतरही धुऊन. माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला तर म्हातारचळ म्हणू नका, आधी पिशवी बघा आणि डॉक्टरांना बोलवा. दवाखान्यातून निघताना बिलासोबत नळीची नोंद मागून घ्या. कागदपत्रं मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत द्यावीत, असा २००२ पासून नियम आहे. मागताना लाजू नका. मी लाजले, त्याची किंमत बासाबांनी मोजली.

माझी वही पहिल्यांदा बासाबांनी पाहिली तेव्हा मी तिथून पळणार होते. सुनेनं सासऱ्याच्या लघुनीतीचं माप लिहायचं! त्यांनी चष्मा लावून पान वाचलं. “रविवारची बेरीज चुकलीय,” म्हणाले. चुकली होती. त्यानंतर आमच्यातला पडदा बराच सैल झाला. रोज रात्री मी आकडे वाचून दाखवायची, ते मान डोलवायचे.

संवत्सरीच्या चार दिवस आधी तो ब्रदर नळी बदलायला आला. बासाबांनी यांना माळ्यावरून एक जुनी खातेवही काढायला लावली. लाल कापडात बांधलेली, कडा कुरतडलेल्या. जुने सगळे महाजन लिहीत तशी ती महाजनी लिपीत होती. तिला काना-मात्रा नसतात, लिहिणाऱ्यालाच नीट वाचता येते. यांनाही ती येत नाही. बासाबांनी पान शोधलं आणि त्या मुलाला म्हणाले, “बस. तुझ्या आज्याचं खातं वाचतो.”

त्यांनी सगळं वाचलं. कापूस इतका मण, भाव इतका. मीठ. लुगडं. बियाणं. लग्नासाठी रोख. व्याज. पुन्हा व्याज. आवाज कापत होता, पण एक ओळ गाळली नाही. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर त्यानं विचारलं, “हे बरोबर होतं का?”

बासाब बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “लिहिलं ते आम्ही लिहिलं. तुझ्या आज्याला कधी वाचून दाखवलं नाही.” आणि हात जोडून म्हणाले, “मिच्छामि दुक्कडं.”

त्याला त्या शब्दांचा अर्थ माहीत नसावा. त्यानंही हात जोडले. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही आणि त्यानं म्हणावं अशी अपेक्षा करण्याचा हक्क आम्हाला नव्हता. “आता नळी बदलू या का, बासाब?” एवढंच त्यानं विचारलं. बासाब म्हणाले, “बदल.”

बासाब त्यानंतर पाच महिने होते. वही माझ्याकडंच आहे. त्या दिवसाचं पान ब्रदरच्या अक्षरात आहे. तारीख, वेळ, नंबर १६, फुग्यात १० मिली, आग थोडी झाली. वाचून दाखवलं, असंही शेवटी लिहिलेलं आहे. त्याखाली बासाबांनी सही केली आहे, महाजनी लिपीत, काना-मात्रा नसलेली. ती मला वाचता येत नाही. तिच्या वरचं सगळं मात्र वाचता येतं.